मळेकराची थैली

लहानांनो आणि थोरांनो, जरा जवळ सरकून बसा. खूप खूप पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते मला विचारू नका, कारण ज्याने मला सांगितली त्यालाही ते ठाऊक नव्हतं.

तेव्हा एका नदीच्या काठी, टेकडीच्या पायथ्याशी एक गाव होतं. गावातली माणसं ख्रिस्ताला मानणारी. गाव फार मोठं नव्हतं, फार श्रीमंतही नव्हतं. तिथे भांडणं व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे, कोंबड्यांवरून शेजारणी एकमेकींचा उद्धार करायच्या. तेव्हा ती काही देवदूतांची वस्ती होती असं समजू नका. पण एका बाबतीत ते गाव खरोखर थोर होतं, आणि ती बाब सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे जायची नाही.

गावाच्या प्रार्थनामंदिराला लागून एक लहानशी खोली होती. खिडकी नसलेली. आत एक भला मोठा रांजण होता. पाण्याचा नव्हे, धान्याचा. दर रविवारी उपासना आटोपली की प्रत्येक घरातलं एक माणूस त्या खोलीत जायचं. एका वेळी एकच. प्रत्येकाच्या हातात कापडाची थैली आणि थैलीवर उपरणं नाहीतर पदर. ज्याच्या घरात असेल तो थैली भरून न्यायचा आणि रांजणात रिकामी करायचा. ज्याच्या घरात नसेल तो रिकामी थैली न्यायचा आणि रांजणातून भरून घ्यायचा. कोण देऊन आला आणि कोण घेऊन आला हे कुणाला कळायचं नाही. खोलीच्या दाराकडे कुणी बघायचंच नाही. शेवटचं माणूस बाहेर येईपर्यंत सगळे समोरच्या क्रूसाकडे तोंड करून भजन म्हणत राहायचे.

देताना गाजावाजा करू नये हे प्रभूने शिकवलेलं. पण घेणाऱ्याचीही मान खाली जाऊ नये, ही भर त्या गावातल्याच कुणा शहाण्याने घातली होती. वर एक कडक नियम होता: खोलीत काय झालं ते बाहेर बोलायचं नाही. रांजण कधी अगदी रिता झाला नाही आणि गावात कधी कुणी उपाशी झोपलं नाही.

आता मळेकराकडे वळू.

त्याचं खरं नाव काहीतरी असेलच, पण सगळे त्याला मळेकर म्हणायचे. नदीला लागून त्याचा मळा होता. काळी कसदार जमीन, बारमाही पाण्याची विहीर आणि चारी बाजूंनी निवडुंगाचं दाट कुंपण. आत काय पिकतं ते बाहेरून दिसायचं नाही. घरात बायको आणि दोन लेकरं. माणूस तसा वाईट नव्हता. कुणाचा बांध कोरायचा नाही, कुणावर हात उगारायचा नाही, रविवारची उपासना चुकवायचा नाही. त्याला एकच रोग होता. हातातलं काही सुटायचं नाही. ज्वारी एकदा कोठारात गेली की ती त्याच्या काळजाचा तुकडा व्हायची. कोठाराची किल्ली त्याच्या कमरेला असायची आणि आत जाणारा तो एकटाच. बायकोलासुद्धा घरखर्चाचं धान्य तो सुपाने काढून द्यायचा.

कुणी काही मागू नये म्हणून त्याने रडगाणं गायची सवय लावून घेतली होती. कुणी वाटेत भेटून "सलाम मळेकर, कसं काय?" म्हटलं की त्याचं सुरू व्हायचं.

"कसलं काय! यंदा काही खरं नाही. कणसं पाखरांनी नेली, उरलं ते उंदरांनी. कसेबसे दिवस ढकलतोय झालं."

उपरण्याला ठिगळ, वहाणांनाही ठिगळ. लोक हळहळायचे आणि पुढे जायचे. मळेकर मनातल्या मनात हसायचा.

दर शनिवारी संध्याकाळी त्याची बायको रविवारची थैली भरून ठेवायची. ज्वारी पाखडून, खडा न् खडा वेचून, थैली शिगोशीग भरायची. मळेकर ती उपरण्याखाली धरून मंदिरात जायचा. त्याची पाळी आली की खोलीत शिरायचा. रांजणासमोर उभा राहून थैलीच्या गाठीकडे बोटं न्यायचा. आणि दर वेळी त्याच्या मनात यायचं, एवढ्या लोकांनी घातलंय, माझ्या एका थैलीने काय फरक पडतो? पुढच्या रविवारी दोन आणू. मग तीच थैली, तशीच भरलेली, उपरण्याखाली धरून तो बाहेर यायचा. घरी आल्यावर बायको गोठ्याकडे वळली की ज्वारी पुन्हा कोठारातल्या कणगीत ओतायचा आणि रिकामी थैली खुंटीला अडकवायचा. थैलीला दर रविवारी हवापालट व्हायचा म्हणा ना! असं वर्षानुवर्षं चाललं. बायकोला वाटायचं, आपल्या घरचं दान प्रभूच्या रांजणात जातंय.

तुम्ही म्हणाल, लबाड आहे. आहेच. पण बंद खोलीत कुणी बघत नसताना आपली गाठ किती चटकन सुटली असती, ते ज्याचं त्याने आपल्या मनाला विचारावं. मी काही कुणाला विचारणार नाही.

गावाच्या टोकाला एक म्हातारी राहायची. ती मातीच्या चुली घालून द्यायची. गावातल्या बहुतेक घरांत तिच्याच हातची चूल होती, म्हणून सगळे तिला चुलीवाली मावशी म्हणायचे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. हातपाय धड होते तोवर ती रविवारी थैली भरून नेत असे. पण नुकताच तिच्या गुडघ्यांनी दगा दिला होता. माती कालवायला बसलं की उठवत नसे. म्हणून आता ती रिकामी थैली न्यायची आणि भरून आणायची. पूर्वी दिलं, आता घ्यायचं, यात तिला काही कमीपणा वाटत नव्हता.

त्याच गुडघ्यांमुळे तिला पुढे जाऊन बसता येत नसे. ती मागे, खोलीच्या दारापाशी, भिंतीला टेकून बसायची. मुद्दाम ती कधीच बघायची नाही. पण जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नाकासमोरूनच सगळी उपरणी जाणार, त्याला ती बिचारी काय करणार?

त्या वर्षी ऐन सुगीच्या तोंडावर गारा पडल्या. उभी पिकं आडवी झाली. मळेकराचा मळा टेकडीच्या आडोशाला होता. तिथे चार कणसं तुटली असतील नसतील. पण रडण्यात मळेकर सगळ्यांच्या पुढे.

"मी तर बुडालो हो! सगळं धुऊन निघालं. लेकरांच्या तोंडात काय घालू?" असं तो भेटेल त्याला सांगत सुटला.

त्याच सुमारास एका रविवारी मळेकर खोलीत गेला तेव्हा चुलीवाली मावशी दाराशी बसली होती. ज्वारी रांजणात पडताना सळसळ होते. मळेकर आत असताना ती झाली नाही. तो बाहेर आला तेव्हा मावशीच्या डोळ्यांसमोरून त्याचं उपरणं गेलं, आणि उपरण्याखाली टम्म फुगलेली थैली तिला दिसली. ठिगळ लावलेली वहाण दिसली. झपाझप निघून जाणारी पावलं दिसली.

"अरे देवा," म्हातारी मनाशी म्हणाली, "मळेकरावर ही पाळी आली!"

आता हा त्या गावाचा भोळेपणा म्हणा की मोठेपणा. भरलेली थैली आत न्यावी आणि तशीच बाहेर आणावी, असं कुणी करू शकतं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. त्या गावात ते कुणाच्याच डोक्यात आलं नसतं. भरलेली थैली घेऊन बाहेर येतो तो गरजू, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

मावशी घरी आली ती काळजी घेऊनच. त्या घरात माणसं चार. एक थैली कितीशी पुरणार? शिवाय मोठ्या घरचा माणूस, मागायची सवय नाही. लेकरं उपाशी राहतील पण हा कुणापुढे तोंड उघडायचा नाही. रांजणातून स्वतःच्या थैलीपेक्षा जास्त घ्यायचं तर ते दुसऱ्या कुणाचं तरी घेतल्यासारखं होणार. गारांचं वर्ष, गावात गरजू वाढलेले. मग तिने आपल्या थैलीतली निम्मी ज्वारी बाजूला काढली, जात्यावर दळली आणि एका फडक्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आत मळेकराच्या मागच्या दाराशी एक पुरचुंडी होती. ज्वारीचं पीठ आणि वर लसणाची चटणी.

"अहो, कुणी ठेवलं असेल हे?" मळेकराच्या बायकोने विचारलं.

"देवाने," मळेकर म्हणाला.

"देव लसणाची चटणी कधीपासून कुटायला लागला?"

"तुला कशाला नसत्या चौकशा? दर रविवारी थैली नेतो ना मी? त्याचंच हे फळ. घे, भाकरी टाक."

बायकोला ते पटलं. थैली तीच तर भरून देत होती. तिने भाकरी केली आणि मळेकराने ती चटणीशी चवीने खाल्ली. आणि खाण्याआधी, ऐका बरं का, डोळे मिटून देवाचे आभारही मानले!

मग दर दोन-चार दिवसांनी पुरचुंडी येऊ लागली. कधी पीठ, कधी अंबाडीची भाजी, कधी एखादं अंडं, कधी मोड आलेली मटकी. मळेकराचा आनंद पोटात मावेना. जेवढं दाराशी यायचं तेवढं तो सुपातून कमी काढायचा. कोठारातली ज्वारी तेवढीच वाचली!

इकडे चुलीवाली मावशी एक वेळ जेवू लागली. पुढे पुढे त्या एका वेळेलाही आंबील पिऊन उठू लागली.

शेजारणी म्हणायच्या, "मावशी, किती वाळलीस गं! अंगावर मांस म्हणून उरलं नाही."

"वय झालं बाई," ती म्हणायची आणि विषय बदलायची. कुणाला देतेय ते सांगायचं नाही, हा नियम तिने लहानपणापासून पाळलेला.

एका रविवारी उपासना चालवणारे पाळक म्हणाले, "भावांनो, बहिणींनो, रांजणाचा तळ दिसायला लागलाय. आपल्याकडे जे आहे त्याचे आपण मालक नाही, राखणदार आहोत. ज्याच्या घरी थोडं जास्त असेल त्याने हात सैल सोडावा." ते ऐकून लोकांनी माना खाली घातल्या, कारण जास्त कुणाकडेच नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याने मात्र मान वर करून मोठ्या आवाजात भजन सुरू केलं.

होता होता पुरचुंड्या लहान होऊ लागल्या. पूर्वी चार भाकऱ्यांचं पीठ यायचं, आता दोन भाकऱ्या होतील न होतील एवढंच. मळेकर चिडला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीवरसुद्धा माणूस किती लवकर हक्क सांगू लागतो! हा कोण आखडता हात घेतोय ते बघायचंच, असं ठरवून तो एके दिवशी पहाटे मागच्या दाराआड जाऊन उभा राहिला आणि फटीला डोळा लावला.

काठीचा आवाज आला. मग चुलीवाली मावशी आली. तिने पुरचुंडी दाराशी ठेवली, पण वाकल्यावर तिला पुन्हा उठता येईना. ती तिथेच पायरीवर बसली. श्वास लागला होता. जरा दम खाऊन तिने हात जोडले आणि पुटपुटली. मळेकर दाराच्या आतल्या बाजूला, हातभर अंतरावर होता. त्याला एकेक शब्द ऐकू आला.

"प्रभू, या घराची लाज राख. मोठ्या घरचा माणूस आहे, त्याला मागता येत नाही. माझं काय, मला आता सवय झालीय. त्याची लेकरं तेवढी उपाशी ठेवू नको. आणि आज थोडंच आणलंय, राग धरू नको. आता एवढंच उरलंय बघ माझ्याकडे."

मग भिंत धरून ती उठली आणि काठी टेकत निघून गेली.

मळेकराला लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा. रांजणातलं धान्य, ज्यात त्याने कधी एक दाणा घातला नव्हता, ते मावशी घेत होती. आणि तिच्या तोंडचं तो खात होता. दार उघडून "मावशी, थांब" एवढं म्हणायला काय लागत होतं? पण ते म्हटलं असतं तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं. त्याने दार उघडलं नाही.

त्या पिठाची जेमतेम एक भाकरी झाली. बायकोने ती त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती मोडलीसुद्धा नाही.

"बरं नाही का?" बायकोने विचारलं.

"भूक नाही," तो म्हणाला आणि पानावरून उठला.

आता सरळ माणूस तेव्हाच मावशीकडे गेला असता. पण लाज आली की आधी ती लपवायची वाट शोधतो तो माणूस. मळेकराने विचार केला, रविवारी रांजणात ज्वारी ओतू. मावशीला आवाज जाईल, रिकामी थैली दिसेल. आपले दिवस पालटले असं तिला वाटेल, पुरचुंड्या थांबतील, आणि झालंगेलं कुणाला कळणारही नाही.

रविवारी त्याने खरंच थैली ओतली. चांगली वरून, सळसळ आवाज करत. बाहेर आल्यावर उपरणं जरा बाजूला सारलं आणि रिकामी थैली मावशीला दिसेल अशी धरली. मावशीने वर पाहिलं. तिचे डोळे भरून आले. मळेकराला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी दाराशी पुरचुंडी होतीच. आणि ती लहान नव्हती. मावशीची आख्खी थैली होती ती, आदल्या दिवशी रांजणातून आणलेली. त्यातला एक दाणाही तिने मागे ठेवला नव्हता.

मळेकर थैली उचलून तसाच अनवाणी तिच्या घरी गेला. मावशी अंथरुणावर पडली होती. चूल थंडगार होती.

"मावशी, हे घे. मला नको."

"लाजू नकोस रे लेकरा," मावशी म्हणाली. "कुणाला सांगायची नाही मी. वेळ काय, कुणावरही येते."

"मावशी, माझ्यावर वेळबिळ काही आलेली नाही. माझं कोठार भरलंय."

मावशी हसली. "काल तू रांजणात ओतलंस, ऐकलं मी. घरात नसताना देणारा माणूस तू. तुझी श्रद्धा बघून मलाच माझी लाज वाटली, मी निम्मं ठेवून घेत होते. आणि आता म्हातारीला बरं वाटावं म्हणून कोठार भरलंय म्हणतोस! माझा नवराही तसाच होता. उपाशी असला की पोट भरलंय म्हणायचा."

मळेकर तिच्या अंथरुणाशी खाली बसला. "मावशी, ऐक माझं. कालपर्यंत मी कधी काही घातलंच नाही गं. भरलेली थैली तशीच परत आणायचो."

"असं कुणी करतं का वेड्या?" मावशी म्हणाली आणि थैली पुन्हा त्याच्या हातात कोंबली.

त्याने पोतंभर ज्वारी नेऊन तिच्या दारात ठेवली. तिने शेजाऱ्यांच्या हाती ती परत पाठवली. "लेकरांच्या तोंडचं मला नको," असा वर निरोप. शेजाऱ्यांनी आणलेल्या पेजेवर ती कसाबसा जीव धरून होती, आणि त्यातही 'थोडी मळेकराकडे न्या' म्हणायची. आता मळेकराला कळलं की आपलं नाव वाचवायचं तर म्हातारी जाणार. दोन्ही राहणार नाही.

पुढच्या रविवारी मावशीला दोघी शेजारणींनी धरून मंदिरात आणलं. उपासना झाली. लोक भजनाला उभे राहणार तोच मळेकर पुढे आला आणि सगळ्यांकडे तोंड करून उभा राहिला. ठिगळाचं उपरणं त्याने दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं.

"मी गरीब नाही," तो म्हणाला. "गारांनी माझं काही गेलं नाही. रांजणात मी वर्षानुवर्षं काही घातलं नाही. चुलीवाल्या मावशीने मला उपाशी समजून तिच्या तोंडचा घास दिला, आणि मी तो खाल्ला."

मग पाळक त्याच्याजवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस, मळेकर," ते हळूच म्हणाले. "घेतलंस यात पाप नाही. असे नसते दोष अंगाला लावून घेऊ नकोस. रांजण तुझाही आहे."

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी डोळे पुसले. त्यांना वाटलं, उपासमारीने बिचाऱ्याचं डोकं फिरलं. मळेकराला तिथल्या तिथे जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. खोटं रडला तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला होता. आता खरं सांगत होता तर कुणी ठेवेना.

त्याने कमरेची किल्ली सोडली आणि पाळकांच्या हातात दिली. "माझ्यासोबत चला. सगळे चला," एवढंच तो म्हणाला.

मावशीला त्याने आपल्या बैलगाडीत बसवलं. मागून सगळं गाव चालत आलं. पाळकांनी कोठार उघडलं.

आढ्यापर्यंत पोती होती. पुढची नवी, मागची जुनी, त्यामागची त्याहून जुनी. आतून कुबट वास आला. तळातली पोती उंदरांनी फाडली होती आणि त्यांतून दाण्यांऐवजी किडलेला भुसा गळत होता. ज्या वर्षी गावातल्या बायका पोटाला चिमटे घेऊन पीठ पुरवत होत्या, त्या वर्षी इथे ज्वारीचं पीठ किडे करत होते.

कोपऱ्यातल्या कणगीत मळेकराच्या बायकोने हात घातला. मूठभर ज्वारी काढून बघितली. खडा न् खडा वेचलेली, स्वच्छ पाखडलेली. तिला आपल्या हातची निवड ओळखू आली. तिने मूठ कणगीत सोडली, तोंडावर पदर घेतला आणि नवऱ्याकडे न बघता घरात निघून गेली.

मळेकर शिव्यांची वाट बघत होता. कुणी हात उचलला असता तरी त्याला बरं वाटलं असतं. पण ती माणसं नुसती बघत राहिली. त्यांना राग करायचं सुचत नव्हतं, इतकं ते त्यांना नवं होतं.

मग मावशी शेजारणींना धरून गाडीतून उतरली. कोठाराच्या दारापर्यंत आली. तिने वरपासून खालपर्यंत पोती बघितली आणि मग मळेकराकडे बघितलं.

"म्हणजे तुझ्या घरात कुणी उपाशी नव्हतं?"

"नाही, मावशी."

"लेकरंसुद्धा?"

"नाही."

"एकही दिवस?"

"एकही दिवस नाही."

म्हातारीने मोठा श्वास सोडला. तिच्या तोंडावर राग नव्हता. तिचा चेहरा उजळला होता.

"देवा, तुझे उपकार!" ती हात जोडून म्हणाली. "या लेकरांच्या काळजीने माझ्या डोळ्याला डोळा नव्हता रे."

मग ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि मळेकराला म्हणाली, "मग आता मला काहीतरी खायला दे बाबा. फार भूक लागलीय."

मळेकर सगळ्या गावासमोर रडला. मग उठून घरात गेला आणि ताजी भाकरी स्वतःच्या हाताने कुस्करून, दुधात भिजवून, त्याने तिला भरवली.

त्या दिवशी गावकऱ्यांनी कोठार रिकामं केलं. निम्म्याहून जास्त धान्य उकिरड्यावर गेलं. जनावरांनीही ते हुंगून सोडून दिलं. उरलेलं लागेल तसं रांजणात गेलं, आणि तेवढ्यावर गावाने पुढच्या सुगीपर्यंत दिवस काढले. मावशी त्या दुखण्यातून उठली, पण तिच्या हातात माती कालवण्याएवढं बळ पुन्हा कधी आलं नाही. ती गेली तोवर मळेकर रोज स्वतः तिचं जेवण घेऊन जायचा. झाल्या गोष्टीबद्दल गावात कुणी त्याला कधी टोमणा मारला नाही. मावशी तर दर वेळी आधी विचारायची, "लेकरं जेवली का रे?" आणि दर वेळी उत्तर देताना मळेकराची मान खाली जायची. ती शेवटपर्यंत वर झाली नाही.

तेव्हा लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: आपल्याजवळ जे आहे ते देवाने वाटून खायला दिलेलं असतं, आणि जो ते एकट्यासाठी अडवून ठेवतो तो कुणातरी भुकेल्याच्या ताटातलं खात असतो.